दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय? आधी दिवा झाकून बघा

थंडी पडली की पहाटे धुकं उतरतं. डेअरीवर दूध घालायला निघालेल्या माणसाला चौकातल्या एलईडी दिव्याभोवती एक गोल कडं दिसतं. आत पांढरट-निळसर, बाहेरच्या अंगाला तांबूस. ऊन वर आलं, धुकं विरलं की माणूस ते विसरूनही जातो.

पण हेच कडं धुकं नसताना, घरातल्या बल्बभोवती किंवा समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटभोवती दिसत असेल तर ते विसरून चालत नाही. कारण कडं दोन ठिकाणी तयार होऊ शकतं. एक हवेत, दुसरं थेट माणसाच्या डोळ्यात. हवेतलं कडं बिनधोक असतं. डोळ्यातलं कडं कधीकधी काचबिंदूच्या झटक्याची पहिली खूण असते, आणि त्यात काही तासांचा उशीरही नजर घालवू शकतो.

दोन्ही कडी तयार होण्यामागे प्रकाशाची एकच सवय आहे. पुस्तकात तिला 'विवर्तन' म्हणतात. सोप्या बोलीत सांगायचं तर कडेला वळणं आणि फटीतून पसरणं.

प्रकाश वळतो, पण केसभरसुद्धा नाही

प्रकाश सरळ रेषेत जातो असं शाळेत शिकवलेलं असतं. ते बव्हंशी खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. प्रकाश ही लाट आहे आणि लाट म्हटली की ती अडथळ्याच्या कडेला थोडी वळतेच.

शेततळ्याच्या काठाला दोन दगडांमध्ये वीतभर फट ठेवा आणि पलीकडून पाण्यावर फळी हलवा. लाटा फटीपर्यंत सरळ रांगेत येतात. फटीतून बाहेर पडल्या की पंख्यासारख्या गोल पसरतात. फट लाटेच्या मानाने खूप रुंद असेल तर मधला भाग सरळ पुढे जातो, फक्त कडा वळतात. म्हणजे फट जितकी अरुंद, तितकं पसरणं जास्त. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे असंच.

आवाजाचंही तेच. गोठ्यामागून कुणी हाक मारली तर हाक ऐकू येते, माणूस मात्र दिसत नाही. माणसाच्या आवाजाची एक लाट साधारण अर्ध्या मीटरपासून दोन-तीन मीटरपर्यंत लांब असते. भिंतीचा कोपरा, दार, खिडकी हे सगळं तिच्याच मापाचं. म्हणून आवाज कोपऱ्यावरून सहज वळतो. प्रकाशाची लाट मात्र इतकी बारीक की एका मिलिमीटरमध्ये जवळपास दोन हजार लाटा बसतात. तांबड्या रंगाची लाट ०.०००७ मिलिमीटरच्या आसपास, निळ्याची त्याहून लहान, ०.०००४५ च्या आसपास. एवढ्याशा लाटेला तीन फुटी दार म्हणजे अफाट मैदान. ती सरळ निघून जाते आणि माणूस गोठ्यामागे लपलेलाच राहतो.

प्रकाशाचं वळणं बघायचं तर अडथळाही तितकाच बारीक लागतो. उजेडाच्या खिडकीकडे किंवा ट्यूबलाइटकडे तोंड करा, एक डोळा मिटा, दुसऱ्या डोळ्याच्या अगदी जवळ दोन बोटं धरा आणि त्यांच्यातली फट हळूहळू कमी करत न्या. बोटं चिकटायच्या बेतात आली की फटीत बोटांना समांतर बारीक काळ्या रेघा उभ्या राहतात. तो कचरा नाही आणि पापण्यांचे केसही नाहीत. फटीतून पसरलेल्या लाटा एकमेकींवर चढतात. जिथे चढावर चढ येतो तिथे उजेड वाढतो, जिथे चढावर उतार येतो तिथे दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि काळी रेघ पडते. सूर्याकडे बघून मात्र हा प्रयोग कधीच करायचा नाही.

(उन्हात विजेच्या खांबाच्या सावलीची कड धूसर दिसते, ती बहुतेक या कारणाने नाही. सूर्य हा ठिपका नसून मोठी तबकडी आहे, म्हणून ती धूसर दिसते. दोन गोष्टींची गल्लत नको.)

हे सगळ्यात आधी नीट पाहिलं आणि लिहून ठेवलं ते इटलीतल्या बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिमाल्दी यांनी. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १६६५ साली छापलं गेलं. पुढे दीडशे वर्षं प्रकाश म्हणजे कण की लाट यावर मोठमोठ्या लोकांचा वाद चालला. त्यात लाटेची बाजू भक्कम करणारा ऑगस्टिन फ्रेनेल हा पेशाने रस्ते बांधणारा सरकारी इंजिनिअर होता. फ्रेंच अकादमीच्या स्पर्धेत १८१८ साली त्याने आपला निबंध दिला तेव्हा परीक्षकांपैकी पॉइसाँ यांनी हिशेब करून हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की हे खरं मानलं तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मधोमध उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे, आणि ते तर हास्यास्पद आहे. अरागो या दुसऱ्या परीक्षकाने प्रयोग करून बघितला. ठिपका दिसला! बक्षीस फ्रेनेलला गेलं.

आपल्याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा पहिला शोधनिबंध १९०६ साली छापला गेला, तोही आयताकृती फटीतून प्रकाश कसा पसरतो यावरच होता. तेव्हा ते मद्रासच्या कॉलेजात शिकत होते, वय जेमतेम अठरा.

धुक्यातलं कडं आणि चंद्राचं खळं

धुक्याचा एक थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याच्या दुपटीएवढा असतो. प्रकाशाच्या लाटेपेक्षा वीस-चाळीस पट मोठा. एवढ्याशा अडथळ्याभोवती लाट वळली तर तिचा मार्ग एक-दोन किंवा तीन अंशांनी बदलतो. हवेत असे कोट्यवधी थेंब साधारण सारख्याच मापाचे असतात. प्रत्येक जण प्रकाश तेवढाच वळवतो आणि सगळ्यांचं मिळून दिव्याभोवती गोल कडं उमटतं. तांबड्या रंगाची लाट लांब, म्हणून ती जास्त वळते आणि बाहेर जाते. निळी कमी वळते, आत राहते. थेंब जितके बारीक, तितकं कडं मोठं.

जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याभोवती कडं पिवळंच दिसतं, कारण त्यात दुसरा रंग जवळपास नसतोच. पांढरे एलईडी आल्यापासून रंग जास्त उठून दिसतात. एसटीच्या खिडकीच्या काचेवर रात्री तोंडाची वाफ सोडून तिच्यातून बाहेरचा दिवा बघितला तरी असंच कडं दिसतं.

चंद्राला पडणारं खळं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. खळं पडलं की पाऊस लांब की जवळ यावर पारावर वादही होतात. पण खळी दोन जातींची. चंद्राला अगदी चिकटून, हात लांब करून धरलेल्या मुठीच्या आड सगळं झाकलं जाईल इतकं लहान कडं असेल आणि त्याची बाहेरची कड तांबूस असेल, तर ते पातळ ढगातल्या पाण्याच्या थेंबांमुळे झालेलं, म्हणजे विवर्तनाचं. दुसरं खूप मोठं असतं. हात लांब करून पंजा ताणला, अंगठा चंद्रावर ठेवला, तर ते करंगळीच्या टोकाजवळ येतं. ते खूप उंचावरच्या बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश आरपार जाताना वाकल्यामुळे होतं. तिथे रंग बरोबर उलटे, तांबडा आतल्या अंगाला. त्याचा विवर्तनाशी संबंध नाही.

डोळ्यातलं कडं ओळखायचं कसं

डोळ्याच्या पुढे काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, पारपटल. एरवी तो स्वच्छ असतो. त्याला सूज आली की त्याच्या वरच्या थरात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब साठतात. म्हणजे जे धुकं बाहेर असायला हवं ते डोळ्यातच दाटतं. मग साध्या बल्बभोवतीही निळ्या-तांबड्या रंगाचं कडं दिसायला लागतं. कारण तेच, फक्त थेंबांची जागा बदलली.

फरक ओळखायला यंत्र लागत नाही. एक डोळा मिटा. लांबचा दिवा विजेच्या खांबाआड किंवा भिंतीच्या कोपऱ्याआड जेमतेम लपेल असे उभे राहा. काही नसेल तर हात लांब करून अंगठ्याने दिवा झाकला तरी चालतं. दिवा झाकल्यावरही भोवतालचं कडं हवेत दिसत राहिलं तर ते धुक्याचं, धुराचं किंवा धुळीचं. दिवा झाकताक्षणी कडंही गायब झालं तर ते डोळ्यात आहे, नाहीतर चष्म्यात. असं का होतं? हवेतल्या थेंबांवरून वळलेला प्रकाश दिव्याच्या आजूबाजूच्या दिशांनी येतो, अंगठा त्याला अडवत नाही. डोळ्यातलं कडं मात्र थेट डोळ्यात शिरलेल्या उजेडातूनच बनतं. तो अडवला की संपलं.

मग चष्मा काढून, पुसून पुन्हा बघा. डोळे स्वच्छ पाण्याने धुवा. उघडझाप केल्यावर कडं हललं, बदललं किंवा गेलं तर तो बहुधा डोळ्यातला चिकटा किंवा सकाळी घातलेलं मलम. विहिरीत किंवा तलावात बराच वेळ पोहल्यावर, डोळ्यात पाणी गेल्याने काही वेळ कडं दिसू शकतं आणि आपोआप जातं. आणखी एक, काळोख्या रात्री एकट्या प्रखर दिव्याभोवती बारीक किरणांचा पुसट झोत धडधाकट डोळ्यालाही दिसतो. त्याने घाबरून जायचं कारण नाही.

मोतीबिंदू होत असला तरी दिव्याभोवती कडं किंवा फाकलेला उजेड दिसतो. रात्री समोरच्या गाडीचा लाइट आला की रस्ताच दिसत नाही अशी तक्रार ज्येष्ठ मंडळी करतात, ती बऱ्याचदा यामुळेच. मोतीबिंदूत घाई नसते, ऑपरेशन केलं की नजर परत येते.

काचबिंदूचा झटका वेगळा. डोळ्यात सतत पाण्यासारखा द्रव तयार होत असतो आणि एका कोपऱ्यातून त्याचा निचरा होत असतो. शेतातल्या चरासारखंच समजा. काही जणांचा हा कोपरा जन्मतःच अरुंद असतो. वय वाढलं की तो आणखी आवळतो. तिन्हीसांजेला किंवा अंधाऱ्या खोलीत बाहुली मोठी होते, बुबुळाचा पडदा गोळा होऊन कोपऱ्यात बसतो आणि निचरा एकदम बंद पडतो. दाब झपाट्याने वाढतो, पारपटल सुजतं, कडी दिसायला लागतात. त्यासोबत डोळा लाल, डोळ्यात आणि त्याच बाजूच्या कपाळात असह्य ठणका, नजर धुरकट, मळमळ, उलट्या.

घोळ इथेच होतो. डोकं ठणकतंय आणि उलट्या होतायत म्हटलं की घरचे म्हणतात, पित्त उसळलं. सुंठ-साखर होते, पित्ताची गोळी होते, डोक्याला बाम चोळला जातो, रात्र अशीच काढली जाते. डोळ्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण बाईंनी किंवा आजोबांनी डोळे मिटून घेतलेले असतात. तेवढ्या वेळात वाढलेल्या दाबाखाली डोळ्यामागची नस चिरडली जात असते. ही नस एकदा मेली की कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांच्यातला सगळ्यात महत्त्वाचा फरक हाच.

म्हणून डोकेदुखी आणि उलट्या असलेल्या माणसाला, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या बाईला, दोन प्रश्न जरूर विचारावेत: दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय का, आणि एक डोळा लाल झालाय का? बायकांमध्ये आणि जवळचं-लांबचं दोन्हीसाठी प्लसचा नंबर असलेल्यांमध्ये हा झटका जास्त आढळतो. उत्तर 'हो' आलं तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी, त्याच रात्री डोळ्यांचे डॉक्टर असलेल्या रुग्णालयात नेलं पाहिजे. तालुक्याच्या दवाखान्यात नेत्रतज्ज्ञ नसतील तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावं. दाब औषधाने उतरवता येतो आणि मग लेझरने बुबुळाला बारीक छिद्र पाडून निचऱ्याला दुसरी वाट करून देतात. चिरफाड नाही, टाके नाहीत. दुसऱ्या डोळ्यालाही तोच धोका असतो, म्हणून त्यालाही असंच छिद्र करतात.

काहींना मोठ्या झटक्याआधी लहान लहान इशारे मिळतात. संध्याकाळी टीव्ही बघताना कडं दिसतं, डोळा जड होतो, झोपून उठलं की सगळं छान! सकाळी छान वाटतंय म्हणून तपासणी टळते. ती टाळू नये. हे इशारे मिळत असतानाच लेझर केलं तर पुढचा प्रसंगच टळू शकतो.

मेडिकलवाल्याला विचारून आणलेले डोळ्यांचे थेंब हाही गावाकडचा नेहमीचा उपाय. त्यातल्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं. लाली पटकन जाते, बरं वाटतं, पण महिनोन्महिने घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदूच होऊ शकतो.

आणि उलट बाजूही सांगायला हवी. कडं दिसत नाही म्हणजे काचबिंदू नाही, असा अर्थ कुणी काढू नये. काचबिंदूचा एक प्रकार असा आहे की त्यात दुखत नाही, कडं दिसत नाही, बाजूची नजर मात्र गुपचूप आकसत जाते. तो फक्त तपासणीत सापडतो. घरात आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर दाब आणि नस तपासून घ्यावी. मोतीबिंदूच्या शिबिरात गेल्यावर 'डोळ्याचा दाबही बघा' एवढं तोंडाने म्हणायला हरकत नसते.

डॉक्टरांच्या काळ्या पट्टीतलं छिद्र

नजर तपासताना डॉक्टर कधीकधी बारीक छिद्र असलेली काळी पट्टी डोळ्यापुढे धरून अक्षरं वाचायला लावतात. छिद्रातून बघितल्यावर अक्षरं स्पष्ट झाली तर दोष बहुतेक चष्म्याने सुटणारा. तरीही धूसरच दिसलं तर आत दुसरं काही आहे का ते शोधतात. हे छिद्र साधारण एक मिलिमीटरच्या थोडं वर असतं. मग अजून बारीक केलं तर अजून स्पष्ट दिसेल का? नाही. सुईच्या टोकाने जाड कागदाला अगदी इवलंसं भोक पाडून त्यातून बघा, अक्षरं पुन्हा धूसर होतात. फट अरुंद झाली की प्रकाश पसरतो, तोच नियम.

हेल्मेटच्या काचेचंही इथेच सांगून टाकलेलं बरं. मातीने भरलेली काच कोरड्या फडक्याने घासली की तिच्यावर समांतर बारीक चरे पडतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री समोरून हेडलाइट आला की चऱ्यांच्या आडव्या दिशेने उजेडाचा लांब पट्टा फाकतो आणि त्या पट्ट्यात पायी चालणारा माणूस, बैलगाडी, उसाची ट्रॉली हरवून जाते. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर तेलकट बोट फिरलं की फोटोत दिव्यांना शेपट्या फुटतात, तेही याच जातीचं. कॅमेरा पुसला की झालं. चरे पडलेली काच मात्र बदलावीच लागते. धुताना आधी पाणी ओतून माती वाहू द्यावी, मग पुसावं.

डोंगराआड रेंज का जाते

मोबाइलच्या लहरी प्रकाशाच्याच भावंडं आहेत, फक्त त्यांची लाट लांब. ७०० मेगाहर्ट्झची लाट सुमारे ४३ सेंटिमीटर असते, ३३०० मेगाहर्ट्झची जेमतेम ९ सेंटिमीटर. ५जीचा मोठा वेग बहुतेक ठिकाणी या ३३०० च्या आसपासच्या लहरींवर येतो. लहान लाट कमी वळते, त्यामुळे टेकडीआडच्या वाडीत आधी तिचीच रेंज जाते. पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरींची लाट तर जवळपास ३७९ मीटर लांब. तिला टेकडी म्हणजे दारातला उंबरठा. घाटात फोन मुका झाला तरी जुना रेडिओ खरखरत का होईना बोलत असतो तो यामुळेच.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. टॉवर डोंगराच्या पलीकडे असेल तर रेंजसाठी डोंगराच्या पायथ्याला चिकटून उभं राहणं सगळ्यात वाईट. तिथे पोहोचायला लहरीला माथ्यावरून एकदम खाली वळावं लागतं. त्यापेक्षा डोंगरापासून लांब, माळाकडे गेलं तर वळण कमी लागतं आणि काडी वाढते. ५जी दाखवून नेट चालत नसेल तर सेटिंगमध्ये ४जी निवडून बघावं. १०८ ला फोन लावायची वेळ आली तर वाडीतली अशी जागा आधीपासून ठाऊक असलेली बरी.

प्रकाशाच्या या पसरण्यामुळे दुर्बिणींनाही मर्यादा पडते. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आकाशातून येणारी २१ सेंटिमीटरची लहर एका तबकडीवर घेतली तर ती इतकी फाकते की चंद्राच्या अर्ध्याहून लहान जागेतलं काहीच सुटं दिसत नाही. म्हणून गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकड्या एका जागी न मांडता सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या. सगळ्यांचे संदेश एकत्र जोडले की २५ किलोमीटर व्यासाची एकच तबकडी असल्यासारखं बारीक दिसतं. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं, तेव्हा शाळेच्या पोरांना आणि गावकऱ्यांना ही दुर्बीण जवळून बघता येते.